लोफोटेनमध्ये चंद्र किती वाजता उगवतो?

नॉर्वेत काय काय पाहिलंत, असं इथं दुबईत जो तो विचारतो. मी म्हणतो, पायाखालची वाट पाहिली. लोकांना वाटतं मी थट्टा करतोय. पण माझा जन्मच फरशी बघण्यात गेला. आधी रास अल खैमाला टाइलच्या कारखान्यात, मग दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गोदामात. टाइल वाकली आहे का, कोपरा उडालाय का, हे बघता बघता मान जी खाली झाली ती झालीच. कुणाकडे पाहुणा गेलो तर यजमानांच्या आधी त्यांच्या फरशीची चौकशी करतो. तेव्हा उत्तरेकडच्या त्या लोफोटेन बेटांवरच्या समुद्रकाठच्या वाटा मी कशा पाहिल्या असतील, याचा अंदाज तुम्हाला येईल.

या सहलीचं निमित्त म्हणजे माझी निवृत्ती. आमची एकुलती एक मुलगी मुक्ता इथंच जन्मली, इथंच शिकली आणि आता इथंच नोकरी करते. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. तिनंच तिकिटं काढली. पण सहलीच्या मागे एक गाठोडं होतं. इथं नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि माझ्या व्हिसावर बायको सुनंदाही राहते. मग दोनच रस्ते उरतात. एक म्हणजे गुहागरजवळ आमच्या गावी जायचं. तिथं मी आंब्याच्या बागेला लागून नवं चिऱ्याचं घर बांधलंय, पडवीतल्या फरशा स्वतः निवडून पाठवल्यात. दुसरा म्हणजे मुक्तानं आपल्या व्हिसावर आम्हा दोघांना ठेवून घ्यायचं. बापानं मुलीच्या व्हिसावर राहायचं, हे काही माझ्या गळी उतरत नव्हतं. मला गावी जायचं होतं. सुनंदाला काय हवंय ते मात्र कळत नव्हतं. विचारलं की ती म्हणायची, “तुम्ही ठरवाल तसं.” या सहलीत तिच्या मनातलं काढून घ्यायचंच, असं ठरवून मी विमानात बसलो.

बोटीवर

बोडो नावाच्या गावाहून मोठ्या बोटीनं निघालो. सुरुवातीला नुसतं पाणी आणि पांढुरकं आभाळ. मग क्षितिजावर एक निळी रेघ उठली, जाड झाली, तिला दात फुटले. ते डोंगर होते, थेट समुद्रातून वर आलेले. पायथ्याला जमीन म्हणून ठेवलेलीच नाही. आमच्या कोकणात डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये माड, शेत, चार घरं अशी बोलणी चालतात. इथं दोघं समोरासमोर उभे होते.

मुक्तानं डेकवरच विषय काढला.

“बाबा, युअर फाइल इज रेडी. यू जस्ट हॅव टू से येस.”

“बघू. इन्शाल्ला.”

“डोन्ट इन्शाल्ला मी, बाबा!”

आखातात वाढलेल्या पोरांना हा शब्द बरोबर कळतो. ‘होईल’ आणि ‘होणार नाही’ या दोन्हींचं काम तो एकटा करतो. सुनंदा कठड्याला टेकून समुद्र बघत होती. वळून एवढंच म्हणाली, “अहो, मफलर गुंडाळा. कान लाल झालेत.”

लाल खोपट

आम्ही उतरलो ते खोपट कोळ्यांचं होतं. अर्धं खडकावर, अर्धं पाण्यात खांबांवर उभं. तांबडा रंग, पांढऱ्या चौकटी, आणि जमिनीला जुन्या रुंद फळ्या. फळ्यांच्या फटींतून खाली पाण्याची चमक दिसायची. मी गुडघ्यावर बसून ती बघत राहिलो, तर मुक्ता म्हणाली, “बाबा हॅज फाउंड हिज मॉन्युमेंट.”

मालकीणबाई टूरिल सत्तरीच्या, ताठ, गालांवर उन्हाचे ठिपके. शेजारच्याच घरात एकट्या राहतात. दारातच त्यांनी आमच्या पायांकडे बघितलं. आम्ही तिघांनी बूट आधीच काढले होते. बाई एकदम खूश झाल्या. त्यांच्याकडेही बूट बाहेर काढूनच आत यायचं असतं. मग वाफाळती वॉफल आली आणि त्यावर तपकिरी चीजचे पातळ काप. सुनंदानं एक तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, “अहो, हा तर कंदी पेढा! फक्त मीठ पडलंय त्यात.” टूरिलबाईंना मुक्तानं ते समजावून सांगितलं. त्यांनी पेढा म्हणजे काय ते विचारलं, आणि सांगता सांगता मुक्ताच अडखळली.

गावात शिरल्यावर मला एकदम बरं वाटलं, कारण वास ओळखीचा होता. लाकडी मांडवांवर मासे वाळत घातलेले. बरेचसे उतरवले होते, पण मुंडक्यांच्या माळा अजून वाऱ्यावर खुळखुळत होत्या. मी छाती भरून श्वास घेतला. सुनंदानं नाकाला पदर लावला. ती मूळची बार्शीची. लग्नानंतर माझ्या गावी काही महिने राहिली तेवढीच, मग रास अल खैमा आणि मग दुबई. त्यानंतर मे महिन्यात पाहुणी म्हणून गावी येते. ताज्या माशांचं कालवण माझ्या आईच्या हातचं विसरायला लावेल असं करते, पण सुक्या बोंबलांच्या वासाशी तिचं अजून पटलेलं नाही.

रात्र तिथं नव्हतीच. जून महिना. सूर्य डोंगराच्या कडेकडेनं चालत राहायचा, खाली उतरल्यासारखा करायचा आणि न मावळताच परत वर यायचा. खिडकीला जाड पडदे होते, पण फटीतून एक सोनेरी पट्टी फळ्यांवर पडायची. झोपेतून उठावं आणि कळू नये, ही कालची संध्याकाळ की आजची सकाळ. एकदा मी चहा ठेवला आणि दोघींना हाका मारल्या, तेव्हा त्या झोपायच्या तयारीत होत्या. मला वाटतं, माणसाच्या अंगातलं घड्याळ असं थांबलं की डोक्यातल्या चिंताही जरा सैल पडत असाव्यात. निदान माझ्या पडल्या.

पायऱ्या आणि चिखल

पहिल्या चढाला दगडी पायऱ्या होत्या. एकेक दगड असा बसवलेला की डुगडुगणं नाही. मी बुटाच्या टाचेनं ठोकून बघत चढत होतो. वर एका वळणावर चारजण काम करत होते. डोक्यावर टोप्या, चेहरे आपल्या ओळखीचे. नेपाळचे शेर्पा! उन्हाळाभर इथं पायऱ्या बांधतात आणि थंडीत घरी जातात. मी हिंदीत विचारलं, तर त्यांतला एक उठून उभाच राहिला.

“दुबई से आए हो? अरे, मैं दो साल अजमान में था, साब!”

“वहाँ अच्छा था कि यहाँ?”

“वहाँ धूप मारती थी, यहाँ हवा मारती है,” तो हसत म्हणाला. मग आपल्या साथीदारांना हाक मारली, “यल्ला, चाय!”

ध्रुवाजवळच्या बेटावर, नेपाळी माणसाच्या तोंडून, अरबी ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. सुनंदानं पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. आम्ही खडकावर बसून त्यांच्या थर्मासातला गोड काळा चहा प्यायलो. खाली फिओर्डचं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीचं, पाणी हिरवं, आणि त्यावर बोटी अगदी चुरमुऱ्यांएवढ्या.

दुसऱ्या दिवशी क्वालविकाला गेलो. ही समुद्रकाठची चौपाटी, पण तिथं गाडी जात नाही. खिंड ओलांडून पायीच उतरावं लागतं. वाटेत दलदल आहे आणि दलदलीवर फळ्या टाकल्यात. फळीवरून चालायचं सोडून मी शेजारच्या मऊ हिरव्या शेवाळावर पाय ठेवला. गालिच्यासारखं दिसत होतं म्हणून. पाय घोट्यापर्यंत आत गेला, आणि ओढला तेव्हा पाय आला, बूट आला नाही. मुक्ता हसून हसून खाली बसली. शेवटी सुनंदानं हात घालून बूट उपसला, पालथा करून काळं पाणी ओतलं आणि म्हणाली, “आयुष्यभर जमिनीकडे बघितलंत ना? काय उपयोग झाला?”

खिंडीतून चौपाटी दिसली तेव्हा मात्र आम्ही तिघंही थांबलो. पांढरी वाळू, काचेसारखं निळं पाणी. क्षणभर वाटलं, दुबईची जुमेरा चौपाटीच आहे. मग पाण्यात पाय घातला आणि मी असा ओरडलो की मेंढ्या पांगल्या. दुबईत ऑगस्टमध्ये समुद्र अंघोळीच्या पाण्यासारखा कोमट असतो. इथं तो हाडं मोजून घेतो. मुक्ता मात्र सरळ पोहायला गेली.

आम्ही दोघं वाळूत बसलो. वारा पडला होता. धुकं डोंगराच्या खांद्यावरून हळूहळू उतरत होतं आणि त्यात मेंढ्यांच्या घंटा कुठून वाजतात ते कळत नव्हतं. असं वाटत होतं की आपण कुठूनच आलेलो नाही आणि कुठं जायचंही नाही. अशा वेळी माणूस खरं बोलतो असा माझा समज.

“सुनंदा, गणपतीच्या आधी जाऊ या, की दिवाळी दुबईत काढून मग?”

तिनं वाळूतला एक शिंपला उचलला, पुसला, परत ठेवला.

“तुम्ही ठरवाल तसं.”

मी मनातल्या मनात डोक्याला हात लावला.

संकष्टी

आणि मग संकष्टी चतुर्थी आली. सुनंदा संकष्टी सोडत नाही. दिवसभर उपास, चंद्र उगवल्यावर त्याला अर्घ्य द्यायचं, गणपतीला नैवेद्य दाखवायचा आणि जेवायचं. नॉर्वेला निघताना बॅगेत चिमुकला पितळी गणपती, साबुदाणा, तांदूळ, मूगडाळ असं सगळं तिनं भरून घेतलं होतं. फक्त एका गोष्टीचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

मी एरवी उपासाच्या वाटेला जात नाही. पण त्या दिवशी मोठी वाट चालायची होती आणि ही उपाशी चालणार, म्हणून मीही केला. नुसफियोर्ड नावाच्या गावापासून समुद्राच्या कडेकडेनं ती वाट जाते. काही ठिकाणी खडकाला साखळी लावलीय, तिला धरून सरकायचं. सुनंदानं पदर खोचला आणि माझ्या आधी पलीकडे गेली. दुपारी एका घळीत साबुदाण्याची खिचडी खाल्ली, थंडगार, तरी अमृत लागली. येताना तिनं दुर्वा शोधल्या. दुर्वा कुठल्या मिळायला? शेवटी तीन पात्यांचं एक लाजरं गवत सापडलं. “चालवून घेईल तो,” ती म्हणाली.

परतलो तेव्हा टूरिलबाई माशांच्या सूपचं पातेलं घेऊन दारात उभ्या. त्यांना नाही म्हणणं सुनंदाच्या जिवावर आलं. मुक्तानं सांगितलं, आज उपास आहे, चंद्र उगवल्यावरच आई जेवेल. बाई पातेलं घेऊन तशाच थांबल्या.

“चंद्र? जूनमध्ये?” त्या म्हणाल्या. “अहो, मग या बिचारीचे हाल आहेत. उन्हाळ्यात आमच्याकडे चंद्र डोंगराच्या वर येतच नाही. आला तरी या उजेडात कुणाला दिसणार? चंद्र आमच्याकडे हिवाळ्यात येतो. तेव्हा मात्र कधी कधी मावळायचंच विसरतो.”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. पंचांगातली तिथी होती, गणपती होता, भूक तर होतीच होती. चंद्र तेवढा नव्हता. मला हसू आवरेना. मुक्ता फोनवर शोधायला लागली. माझ्या डोक्यात एक सरळ हिशोब आला. रमजानमध्ये आमच्या गोदामातला एक सुदानी सहकारी सांगायचा, त्याचा भाऊ अशाच उत्तरेकडच्या गावी राहतो आणि दुसऱ्या गावाच्या वेळेवर रोजा सोडतो. मग आपणही तसंच करावं. आपल्या घरी चंद्र उगवला की जेवावं.

“झालं तर!” मी म्हणालो. “घरच्या वेळेनं सोडू.”

सुनंदानं मान डोलावली. कुकर नव्हता म्हणून पातेल्यात खिचडी टाकली, तूप कढवलं, गुळाचे चार लाडू वळले. गणपती खिडकीत बसला. त्याच्या मागे भर उन्हात चकाकणारा फिओर्ड. पाट नव्हते, म्हणून फळ्यांवरच पानं मांडली.

साडेसहा-सातच्या सुमारास मी गावी दादाला फोन लावला. तिकडे रात्र पडली होती.

“दादा, चंद्र उगवला का?”

“उगवला असंल कॅलेंडरप्रमाणं. दिसतोय कसला! ढग भरलेत नुसते. आम्ही जेवलो कधीच. तू कधी येतोयस ते सांग. तुझ्या पडवीत पाट टाकून बसतो मी रोज.”

मला भरून आलं. त्या पडवीतली फरशी डोळ्यांपुढे आली, लालसर, मॅट, ओल्या पायाला न घसरणारी. फोन ठेवला आणि पानावर येऊन बसलो.

“चला, उगवला,” मी म्हटलं. “बसा.”

मुक्ता बसली. सुनंदा उभीच होती. तिनं माझ्या पानात खिचडी वाढली, तुपाची धार धरली, लाडू ठेवला. स्वतःचं पान तिनं वाढलं नाही.

“तुम्ही जेवा,” ती म्हणाली. “तुमचा उगवला.”

माझा हात पानातच राहिला. तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. भात झाला, डाळ व्हायचीय, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

“आणि तुझा?”

“माझा यायचाय अजून. तासाभरानं येईल. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून वर यायला त्याला जरा वेळच लागतो.”

दुबईच्या देरा भागातली आमची स्वयंपाकघराची बाल्कनी. समोर पाण्याच्या टाक्या, डिश, वाळत घातलेले कपडे. दुबईत येऊन इतकी वर्षं झाली, त्यातल्या जवळजवळ सगळ्या संकष्ट्यांना ती तिथं पळी-पंचपात्र घेऊन उभी राहिली आहे. मी आत टीव्हीपुढे जेवायची वाट बघत असायचो. घर म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे काय येतं, हे मला त्या क्षणी त्या फळ्यांवर बसून समजलं.

“अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारत होतात कधी जायचं. जायचं का, असं कुठं विचारलंत?”

मुक्ता आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

“बरं, आता विचारतो,” मी म्हटलं. “जायचं का?”

“नाही.”

इतकं लखलखीत ‘नाही’ मी तिच्या तोंडून संसारात पहिल्यांदा ऐकलं. मग ती थोडी थांबून म्हणाली, “मे महिन्यात जाऊ की. पाहुणे म्हणून. मला तिथं पाहुणी म्हणूनच राहता येतं हो. तुमच्या माणसांनी कधी काही कमी केलं नाही. पण मला तिथं भाजीवाला नावानं ओळखत नाही.”

मी माझ्या पानावर एक ताट पालथं घातलं आणि पान बाजूला सरकवलं. जेवणं शक्यच नव्हतं. वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं, आणि तरी तिच्यावर रागावता येत नव्हतं. मुक्तानंही आपलं पान झाकलं. आम्ही तिघं खिडकीशी बसलो. उन्हाची तिरीप गणपतीवरून सरकत फळ्यांवर आली. एक बोट आली, खोपटाखालचं पाणी हललं आणि छतावर उजेडाच्या लाटा नाचल्या. त्या लाटा बघता बघता माझ्या पडवीची फरशी जरा जरा पुसट होत गेली.

सुनंदाचा फोन वाजला. आवाजाचा निरोप होता. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये हैदराबादच्या फातिमाभाभी राहतात. ईदच्या आदल्या संध्याकाळी त्यांची नजर पोचत नाही म्हणून सुनंदा त्यांना आमच्या बाल्कनीतून चंद्रकोर शोधून देते. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते, आणि खिचडी शिजता शिजता सुनंदानं त्यांना चंद्र बघायला सांगून ठेवलं होतं. सुनंदानं आवाज मोठा केला. मागून गाड्यांचे हॉर्न, एसीची घरघर, आणि त्यात भाभींचा दमलेला आवाज.

“सुनंदा, तुम्हारी बाल्कनी में खड़ी हूँ. बहुत धूल है आज, लेकिन दिख गया. टंकी के पीछे से निकल आया तुम्हारा चाँद. अब खा ले, बेटा, पहाड़ चढ़ के आई है.”

सुनंदानं डोळे पुसले. दुबईची दिशा कुठली ते मुक्तानं फोनवर बघून बोटानं दाखवलं, आणि खोपटाच्या दारात उभं राहून तिनं त्या दिशेला, भर उन्हात, फिओर्डच्या पाण्यात अर्घ्य सोडलं. मग आत येऊन तिनं तिन्ही पानं नव्यानं वाढली.

“सो?” मुक्ता हळूच म्हणाली. “इज दॅट अ येस, बाबा?”

खिचडी गार झाली होती. मी पहिला घास तोंडात घातला आणि “हो” म्हटलं. तोंडात घास असल्यामुळे तिला ऐकू आलं नसावं. म्हणून मी तो गिळला, आणि पुन्हा एकदा, सुनंदाकडे बघून म्हटलं.